दोर चित्रांत दिसला पाहिजे

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं तो शाइस्तेखानाच्या फौजेपुढें जवळजवळ दोन महिने झुंजविला, हें येथील पोराटोरांनाही ठाऊक असतें. त्यामुळें आम्हां चाकणकरांना किल्ला म्हटला कीं प्रथम खंदक आठवतो; कडा आठवत नाहीं. आमच्या घरांत कड्याचा विषय निघाला तो धाकट्या बंधूंच्या मुलामुळें. सहा दिवस कारखान्यांतील यंत्रें आणि सातव्या दिवशीं कॅमेरा, असा त्याचा क्रम आहे.

दिवाळीनंतर त्यानें एक छायाचित्र मोठें करून माजघरांत लावलें. जीवधन किल्ल्याचा कडा आणि शेजारचा वानरलिंगीचा सुळका यांमधील दरीवरून एक तरुण दोराला लटकून पलीकडे चालला आहे. खालीं कांहींच नाहीं, मागें कोंकणांतलें धुकें. पाहणाराच्या पोटांत गोळा यावा असें तें चित्र! आल्यागेल्यांनीं तें वाखाणलें. आठ दिवसांनीं माझ्या धाकट्या नातवानें गच्चीच्या कठड्यापासून परसांतल्या आंब्यापर्यंत कपडे वाळत घालण्याची दोरी बांधली आणि तो तिच्यावर पाय टाकणार, इतक्यांत सूनबाईंची दृष्टि गेली म्हणून अनर्थ टळला. रागें भरतां पोर रडत म्हणालें, "काकाच्या चित्रांत एकच दोर आहे!"

पोराचें म्हणणें खरें होतें. पुतण्यानें खालमानेनें कबूल केलें कीं, प्रत्यक्षांत दोर अनेक होते. चित्रांत रेषांची गर्दी नको म्हणून एक ठेवून बाकीचे त्यानें संगणकावर पुसून टाकले होते. मातोश्रींनीं चित्र उतरविण्याची आज्ञा केली आणि छंदही बंद करावयास सांगितलें. मीं मध्यस्थी करून एक महिन्याची मुदत मागून घेतली व पुढच्या रविवारीं स्वतः त्याच्याबरोबर निघालों.

राजगुरुनगर, मंचर, नारायणगांव, जुन्नर असें करीत आम्ही घाटघरास पोंचलों. ज्या नाणेघाटांत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, त्याच्या माथ्यावरील पठारावर मी दुर्बीण घेऊन बसलों. तरुण मंडळी किल्ल्यावर गेली.

या प्रकाराला आपल्याकडे 'व्हॅली क्रॉसिंग' म्हणतात. पाश्चात्य गिर्यारोहकांनीं त्याला आल्प्समधील टिरोल प्रांताचें नांव दिलें आहे. आधीं कोणी तरी सुळका चढून जातो, कातळांत बोल्ट पक्के करतो आणि मग दोर ताणला जातो. कमरेस हार्नेस, त्याला कॅराबिनर नांवाची कडी, कडीला कप्पी आणि कप्पी मुख्य दोरावर. परंतु तेवढ्यावर कोणी दरींत पाय सोडीत नाहीं. दुसरा दोर स्वतंत्र बोल्टांना बांधलेला असतो व माणूस त्यालाही अडकविलेला असतो; तिसरा दोर त्याला पलीकडे ओढून घेण्याचा.

दोर जितका ताठ तितका भरंवशाचा, असें आपणांस वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. १०० फूट अंतरावर बांधलेला दोर ६० किलो वजनाच्या माणसाच्या भारानें मध्यावर १० फूट वांकला, तर प्रत्येक टोकास सुमारें १५० किलो वजनाइतका ताण बसतो. तोच दोर केवळ ५ फूट वांकला, तर ताण ३०० किलोंच्या घरांत जातो. थोडी ढील ठेवणें हेंच तेथें शहाणपण. संसारांतही हें कांहीं निराळें नाहीं!

छायाचित्रकाराचें कामही सोपें नव्हे. कड्यावरून सरळ खालीं रोखलेला कॅमेरा दरीची खोली सपाट करून टाकतो. बाजूनें दोन्ही कडे चौकटींत घेतले तरच अंतर कळतें. त्यासाठीं त्याला धारेवर स्वतःस दोरानें बांधून घ्यावें लागतें आणि कॅमेऱ्यासही बांधावें लागतें; कारण हातांतून सुटलेली लहानशी वस्तूही खालच्या माणसावर दगडासारखी पडते. शिवाय आकाश उजळ आणि कातळ काळा. आकाशावरून प्रकाश मोजला तर माणसाची नुसती सांवली उमटते.

वाचकहो, मुलांनीं साहस करूं नये असें माझें म्हणणें नाहीं. पण साहसाचें चित्र काढणारानें धैर्य दाखवून सावधगिरी लपविली, तर तो पाहणाराला अर्धेंच सत्य सांगतो. आणि घरांतील पोरें उरलेलें अर्धें स्वतःच्या हाडांवर शिकतात. त्या संध्याकाळीं परततांना पुतण्या फारसा बोलला नाहीं.

नवें चित्र माजघरांत आलें, त्यांत एकही रेषा पुसलेली नव्हती. मातोश्रींनीं चष्मा लावून बोटानें एकेक दोर मोजला. तिसऱ्यावर बोट थांबलें. "ह्याचें टोक कोणाच्या हातांत आहे रे?"

तो मनुष्य चित्रांत नव्हता. पुतण्या म्हणाला, "आजी, पुढच्या खेपेस त्याचाच फोटो काढून आणतों."

"आण," मातोश्री म्हणाल्या, "आणि त्याला एकदां घरीं जेवायला बोलाव."