मुठीतली बाग

परवा दिवाळीची आवराआवर चालली होती. माझे टेबल पुसता पुसता धाकटी एकदम ओरडली, "बाबा, या पेपरवेटमधली फुलं वरून केवढी मोठी दिसतात, अन् बाजूनं पाहिलं तर एवढीशी!"

मी चपापलो. हा पेपरवेट माझ्या वडिलांचा. कचेरीतून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी अण्णांना तो दिला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि जीभ फार तिखट होती. "तीस वर्षांच्या कारकुनीची किंमत काचेचा एक गोळा!" असे मी बोलून गेलो. अण्णा गप्प राहिले. पुढे रोज संध्याकाळी ते तो दिव्यासमोर फिरवीत बसत. मला वाटे, अपमान गिळताहेत. त्यांच्यामागे उत्तरपत्रिका पंख्याखाली उडू न देणे, एवढेच काम मी त्याला दिले.

मुलीच्या कुतूहलापायी ग्रंथालयात जाऊन थोडे वाचले. १८४५ ते १८६० या काळात फ्रान्समधल्या बाकारा, सँ-लुई आणि क्लिशी या कारखान्यांनी पेपरवेटला कलेचा मान मिळवून दिला. त्यातल्या एका कामाचे इटालियन नाव 'मिलफ्योरी', म्हणजे हजार फुले. रंगीत काचेचे थर चढवून जाड दांडा करायचा आणि तापवून ओढायचा. तो पेन्सिलीहून बारीक झाला तरी आतली नक्षी मोडत नाही, नुसती लहान होते. मग काकडीच्या चकत्यांसारखे त्याचे तुकडे पाडून मांडायचे, वितळलेल्या काचेने उचलायचे आणि वर स्वच्छ काचेचा घुमट चढवायचा. तो घुमटच भिंग होतो. बाकाराच्या काही पेपरवेटांत फुलांच्या गर्दीत सालही लपलेले सापडते. फ्रेंच लेखिका कोलेत हिने असे पेपरवेट हौसेने जमवले होते. उतारवयात संधिवाताने ती अंथरुणाला खिळली, तरी तिची ही बाग हाताशी होती.

अण्णांचा पेपरवेट बाकाराचा नव्हे, साधा बाजारी आहे. आत एक बुडबुडाही राहून गेला आहे. पण चित्र लांबून पाहता येते. ही कला हातात घेऊन, फिरवूनच पाहावी लागते. अण्णा तेच करीत होते. अपमान होता तो माझ्याच डोक्यात.

काल रात्री मीही तो दिव्यासमोर फिरवीत बसलो होतो.

"बाबा, काय झालं?" धाकटीने विचारले.

"काही नाही ग," मी म्हणालो, "बघतोय."