विरंगुळ्याचे दार बंद होते तेव्हा...

रविवार, २२ मार्च २०२०. सायंकाळी पाचच्या ठोक्याला मुंबईच्या सज्जांतून, गच्च्यांतून आणि चाळींच्या कठड्यांवरून टाळ्या, थाळ्या आणि शंखांचा निनाद उठला. जनता कर्फ्यूचा तो दिवस होता. रोजचा कट्टा त्या संध्याकाळी भरला नाही, याची रुखरुख अनेक ज्येष्ठांना लागली असेल; पण एका दिवसाचा तर प्रश्न, असे म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली असेल. त्याच रात्री लोकलगाड्या थांबल्या, दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी आली आणि २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. एकवीस दिवसांसाठी म्हणून लागलेले कुलूप ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि विरंगुळा केंद्रांच्या दारांवर पुढे कित्येक महिने तसेच राहिले.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महामारीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता त्या दिवसांचे स्मरणही कोणाला नकोसे वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. रुग्णालयांतील खाटा, प्राणवायूची नळकांडी, लसीच्या मात्रा यांचे हिशेब पुष्कळ झाले. एक हिशेब मात्र मांडायचा राहून गेला. वृद्धांची केंद्रे बंद झाली, तेव्हा नेमके काय बंद झाले? गोवंडीसारख्या उपनगरापुरता तरी हा प्रश्न विचारून पाहणे अगत्याचे आहे.

नाव विरंगुळा, काम मोठे

'विरंगुळा केंद्र' हे नाव गोड आहे. पण त्या नावानेच या जागेवर थोडा अन्यायही केला आहे. विरंगुळा म्हणजे फावल्या वेळाची करमणूक, आणि संकटकाळी करमणूक बाजूला ठेवायची असते, हा साधा तर्क. त्यामुळे टाळेबंदीत काय चालू ठेवायचे याच्या याद्या होत असताना या केंद्रांचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

प्रत्यक्षात तिथे काय चालते? सकाळी एक वर्तमानपत्र येते आणि ते दहा जण वाचतात. ज्याची दृष्टी अधू झाली आहे, त्याला दुसरा वाचून दाखवतो. निवृत्तिवेतनाचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, हयातीचा दाखला कधी लागतो, मोतीबिंदूचे शिबिर कुठे आहे, शिधावाटप दुकानात धान्य आले की नाही, ही सारी माहिती तिथे तोंडातोंडी मिळते. महिन्याचे वाढदिवस एकत्र साजरे होतात आणि दिवंगत सदस्याला दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली जाते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एखादे आजोबा सलग दोन दिवस दिसले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी काठी टेकत त्यांच्या दाराशी जाऊन उभे राहते. समाजाने विनाखर्च उभी केलेली ही जागती पहाऱ्याची व्यवस्था आहे. १९८० साली महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांचा 'फेस्कॉम' हा महासंघ स्थापन झाला, तो याच जाणिवेतून. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात साठी ओलांडलेल्यांची संख्या १ कोटी ११ लाखांच्या घरात होती. तेव्हापासून ती वाढतच गेली आहे.

गोवंडीचे घर

'घरी राहा, सुरक्षित राहा' हा त्या काळाचा मंत्र होता आणि तो चुकीचा नव्हता. करोनाच्या बळींत निम्म्याहून अधिक साठीपुढचे होते. १ मे २०२० च्या आदेशात केंद्रीय गृहमंत्रालयाने पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना अत्यावश्यक गरज आणि वैद्यकीय कारण वगळता घरातच राहण्यास सांगितले, ते त्यांच्या काळजीपोटीच. पण हा मंत्र जपताना 'घर' या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच आहे, असे गृहीत धरले गेले.

गोवंडी महापालिकेच्या एम-पूर्व विभागात मोडते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग शहरातील चोवीस विभागांत तळाला होता. एका बाजूला १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी, दुसऱ्या बाजूला पशुवधगृह, मध्ये शिवाजीनगर-बैंगणवाडीच्या दाट गल्ल्या आणि पुनर्वसनाच्या सातमजली इमारती. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड या वसाहतींत रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांमुळे विस्थापित झालेली कुटुंबे सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोल्यांत आली. दोन इमारतींमधील अंतर इतके कमी की, खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्या अभ्यासकांनी अशा वसाहतींतील क्षयरोगाचा संबंध याच कोंदट रचनेशी जोडला होता, आणि तो करोनाच्या आधी.

अशा खोलीत सात माणसे चोवीस तास कोंडली गेली, तर त्यांतील आजोबांनी विलगीकरण कोणत्या कोपऱ्यात पाळायचे? जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन विभागांत रक्तनमुन्यांची पाहणी केली. त्यांत गोवंडीला लागून असलेला चेंबूरचा एम-पश्चिम विभाग होता. झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली, इतर वस्त्यांत ती सुमारे १६ टक्क्यांत होती. दार लावून घेतल्याने विषाणू बाहेर राहतो, हे गृहीतक वस्त्यांत टिकले नाही, असा याचा अर्थ. वृद्धाला मोकळी हवा देणारा कट्टा मात्र दार लावून घेतल्याने नक्कीच हिरावला गेला.

पुनर्वसनाची आणखी एक बाजू आहे. माणसे इमारतींत आली. परंतु वर्षानुवर्षांचे शेजार मागे राहिले. ज्या हाकेसरशी शेजारीण धावून यायची, ती हाक आता चौथ्या मजल्यावरून खाली पोहोचत नाही. अशा वसाहतीत वृद्धांचे केंद्र ही तुटलेल्या शेजाराची जागा भरून काढणारी एकमेव गोष्ट असते.

वार्तेचा दुष्काळ

अन्नाचा दुष्काळ दिसतो, वार्तेचा दिसत नाही. मार्च २०२० च्या अखेरीस मुंबईत वृत्तपत्रांचे वितरण थांबले. एप्रिलमध्ये छपाईस मुभा मिळाली तरी घरपोच वाटपास मनाई होती. ते जूनमध्ये सुरू झाले. ग्रंथालये बंद, देवळे बंद, उद्याने बंद. आषाढी वारीत पंढरीला जाणाऱ्या ज्येष्ठांनी त्या वर्षी संतांच्या पादुका एसटी बसमधून जाताना दूरचित्रवाणीवर पाहिल्या. २८ मार्चपासून दूरदर्शनवर पुन्हा दाखवलेल्या 'रामायण' मालिकेने असंख्य घरांतील वृद्धांना आधार दिला, हे खरे. पण रामायण संपल्यावर पुढे बातम्या सुरू होत, आणि त्यांत आकडेच आकडे असत. आपल्या गल्लीत कोण आजारी आहे, नेहमीचा दवाखाना उघडा आहे का, रक्तदाबाच्या गोळ्या कुठे मिळतील, हे त्या पडद्यावर कधीच येत नसे.

ही पोकळी अफवांनी भरली. कोंबडीच्या मांसातून रोग पसरतो, या एका वावड्येने २०२० च्या आरंभीच महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले होते. पुढे लसीविषयीही तसेच झाले. केंद्रातल्या बाकावर अशी वावडी उठते, तेव्हा कोणी निवृत्त शिक्षक वा परिचारिका तिथल्या तिथे ती खोडून काढते. एकट्या वृद्धाच्या हातातल्या भ्रमणध्वनीवर ती आली की, तिला अडवणारे कोणी नसते.

१ मार्च २०२१ रोजी साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण सुरू झाले. नोंदणीसाठी संगणकीय प्रणाली, तिच्यावर येणारा सांकेतिक क्रमांक आणि मग केंद्रावरची रांग, असा तो मार्ग होता. ज्यांच्या घरी तरुण हात होते, त्यांचे निभावले. जे अंथरुणाला खिळले होते, त्यांच्यासाठी घरी जाऊन लस द्यावी, हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. महापालिकेने अशी मोहीम अंधेरी पूर्वेच्या विभागापासून सुरू केली, ती ३० जुलै २०२१ रोजी. मधल्या पाच महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली होती. वस्तीत अंथरुणाला खिळलेले कोण कोण आहेत, याची यादी त्या त्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे तयार असती, तर हे पाच महिने इतके लांबले असते का?

शिधा पोहोचला, विचारपूस राहिली

त्या काळात समाज स्वस्थ बसला नाही, हे निःसंशय. शासनाने माणशी पाच किलो मोफत धान्य दिले. केंद्रीय योजनेतील वृद्ध निवृत्तिवेतनधारकांना दोन हप्त्यांत एक हजार रुपयांचे अतिरिक्त साहाय्य मिळाले. शिवभोजन थाळी पाच रुपयांत आली. गोवंडीच्या वस्त्यांत दीर्घकाळ काम करणाऱ्या 'अपनालय'सारख्या संस्थांपासून ते अगणित अनाम कार्यकर्त्यांपर्यंत अनेकांनी जीव धोक्यात घालून शिधा पोहोचवला. त्यांच्याविषयी कृतज्ञताच वाटली पाहिजे.

परंतु ज्याला सेवा करायची आहे, त्याने आपल्या सेवेकडे तटस्थपणे पाहायलाही शिकले पाहिजे. पिशव्या मोजता येतात, विचारपूस मोजता येत नाही. म्हणून अहवालांत पिशव्या आल्या. वृद्धाच्या दाराशी पिशवी ठेवून तरुण कार्यकर्ता पुढच्या दाराकडे वळला, कारण त्याला शंभर दारे गाठायची होती. 'आजी, औषधे संपत आली आहेत का? रात्री झोप लागते का?' हे विचारायला दोन मिनिटे लागली असती, आणि ती दोन मिनिटे कोणाच्या नियोजनात नव्हती.

सर्वांत मोठी उणीव राहिली ती निरोपाची. अंत्यविधीस वीसच माणसांची मर्यादा होती. रोज शेजारी बसणारा मित्र गेला, हे अनेकांना आठवड्यांनी, कित्येकदा केंद्र पुन्हा उघडल्यावर त्याची रिकामी खुर्ची पाहून कळले. शोकसभा झाली नाही, तसबिरीला हार घातला गेला नाही. ज्या संस्कृतीत मृताच्या घरी जाऊन नुसते बसण्यालाही धर्म मानले आहे, तिथे हे दुःख लहान नव्हे.

कुटुंब आहे, म्हणजे झाले?

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. आपल्याकडे कुटुंबसंस्था भक्कम आहे. पश्चिमेसारखे वृद्धांचे प्रश्न आपल्याकडे कशाला? ब्रिटनला २०१८ मध्ये आणि जपानला २०२१ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमावा लागला, याकडे बोट दाखवून आपण समाधान मानतो.

कुटुंब हे आपले बळ आहे, यात शंका नाही. टाळेबंदीत लाखो वृद्ध तगले ते कुटुंबामुळेच. पण एकाच खोलीत मुलाची बुडालेली मजुरी, नातवाची भ्रमणध्वनीवरची शाळा आणि सुनेची धुसफूस यांच्यामध्ये बसलेला वृद्ध एकटा नसूनही एकाकी असू शकतो. आपला खोकलाही कोणाला ऐकू जाऊ नये, म्हणून तो दाबून ठेवणारे आजोबा कुटुंबातच राहत होते. समवयस्कांची सोबत ही कुटुंबाला पर्याय नव्हे, ती कुटुंबाला पूरक आहे. आपल्या परंपरेने गावोगावी पार बांधले, देवळांना ओसऱ्या ठेवल्या, त्या काही घरे नव्हती म्हणून नव्हेत. घर भरलेले असतानाही म्हाताऱ्या माणसाला पारावर जाऊन बसावेसे वाटते, हे त्या समाजाने ओळखले होते.

पुन्हा दार लावावे लागले तर

साथ पुन्हा येईल तेव्हा केंद्राचे दार लावावेही लागेल. त्याला विरोध नाही. पण दार लागले तरी केंद्र चालू राहिले पाहिजे, आणि त्याची तयारी साथ नसतानाच करावी लागते.

प्रत्येक संघाकडे सदस्यांची अद्ययावत यादी असावी, आणि ती कागदावर असावी. नाव, पत्ता, दूरध्वनी, नेहमीची औषधे, घरी सोबत कोण, एवढे पुरे. एका सदस्याने पाच जणांना रोज दूरध्वनी करायचा, अशी साखळी ठरलेली असावी. ज्याच्याकडे दूरध्वनी नाही, त्याच्या दारावर थाप मारणारा तरुण त्याच मजल्यावरचा असावा. केंद्राच्या बंद दाराबाहेर एक फळा असावा आणि त्यावर रोज एकदा, खातरजमा केलेली माहिती मराठी, हिंदी आणि गोवंडीपुरते सांगायचे तर उर्दूतही लिहिली जावी. म्हातारपण आणि आजार पंथ विचारून येत नाहीत. गेलेल्या सदस्याचे नावही त्याच फळ्यावर सन्मानाने लिहिले जावे.

यासाठी नवा कायदा नको. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा आहे आणि त्याखालील महाराष्ट्राचे नियम २०१० चे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी आणि पोलीस प्रतिनिधीने सामाजिक कार्यकर्त्यासह महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी, अशी तरतूद त्यांत आहे. २०२१ मध्ये १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक देशभर सुरू झाला. केरळात २०२० मध्ये अंगणवाडी सेविकांनी वृद्धांना दूरध्वनी करून त्यांची विचारपूस केली. आपल्याकडेही अंगणवाड्या आहेत, सेविका आहेत. साधने आहेत, ती जोडणारा धागा तेवढा हवा, आणि तो धागा स्थानिक कार्यकर्त्याखेरीज दुसरा कोणी ओवू शकत नाही.

गोवंडीच्या एखाद्या केंद्रात आज संध्याकाळी पुन्हा बाके भरतील. कोणी वर्तमानपत्र उलगडील, कोणी चष्मा पुशील. तिथे जाऊन बसावे, आणि निघताना केवळ एक प्रश्न विचारावा: उद्या हे दार लागले, तर तुमची खबर कोण घेईल? ज्याच्यापाशी उत्तर नसेल, त्याचे नाव आणि पत्ता वहीत टिपून घ्यावा. पुढच्या साथीची तयारी त्या पहिल्या ओळीपासून सुरू होईल.