दहा नंबरचा बाइट

"न्यूलाइन दिसली की तोड!" बायनरी डेटाबद्दल हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

(घरच्या मंडळींसाठी: बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. न्यूलाइन म्हणजे १०.)

मजकूर असेल तर ठीक आहे हो. पण फोटो? रस्टमध्ये बफरीडच्या स्प्लिटला १० दिला की तो दिसेल तिथे तुकडा पाडतो. आता पीएनजी घ्या. तिच्या पहिल्या ८ बाइटांतच १० दोनदा येतो! तोही मुद्दाम, वाटेत कुणी ओळींच्या खुणा बदलल्या तर लगेच कळावं म्हणून. म्हणजे चित्र सुरू व्हायच्या आधीच दोन घाव. मग कुणीतरी पाठवलेला रिपोर्ट पलीकडे उघडतच नाही, आणि खापर नेटवर्कवर.

दुसरे वीर म्हणतात, एका रीडमध्ये एक निरोप. टीसीपीने असं वचन कधी दिलं? दोनदा पाठवलेलं एकदम येईल, नाहीतर अर्धवट.

आधी ४ बाइटांत लांबी लिहा, मग रीड-एक्झॅक्टने तेवढंच वाचा. पीएनजीच्या आतले तुकडे १९९६ पासून असेच आहेत. फक्त लांबीला कमाल मर्यादा घाला. ४ बाइटांत कुणीही ४ जीबीची थाप मारू शकतो. मोजून पाच-सहा ओळींचं काम. त्याचाही कंटाळा?