सिंहाविना सिंहासन, वाळूविना वाळवंट

परभणी-गंगाखेड लोहमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ नावाचे स्थानक आहे. देवाचे नाव रेल्वेच्या पाटीवर यावे यात महाराष्ट्रात नवल नाही. नवल आहे ते त्या देवातल्या सिंहाचे, कारण इतिहासकाळात या मुलखात सिंह असल्याची नोंद नाही. आशियाई सिंह एके काळी वायव्य भारतापासून पूर्वेला पलामूपर्यंत हिंडत असे; दक्षिणेला नर्मदा ही त्याची हद्द मानली जाते. आज भारतात तो फक्त गुजरातमध्ये, गीर आणि आसपासच्या टापूत उरला आहे. गोदाकाठच्या माणसाने खरोखर भ्यावे असा प्राणी वाघ. वाघोबा म्हणून शेंदूर फासलेला दगड पुजला गेला तोही त्याच्याच धाकाने. तरीही अनेक घराण्यांचे कुलदैवत नृसिंह, तुळजापूरच्या भवानीसमोर सिंह, राजाला बसायला सिंहासन, आणि गुरू सिंह राशीत गेला की नाशिकला सिंहस्थ. न पाहिलेल्या जनावराला एवढा मान मिळाला तो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. वाळवंटाचेही थोडे तसेच आहे. राजस्थानसारखे वाळूचे टेकाड मराठवाड्यात कुठेच नाही, पण दुष्काळ पडला की ‘मराठवाड्याचे वाळवंट’ हा मथळा हमखास छापून येतो.

सिंह इकडे आला तो राज्याबरोबर आणि धर्माबरोबर. सातवाहनांच्या नाण्यांवर तो आहे. कार्ल्याच्या लेण्यासमोरच्या स्तंभावर चार सिंह बसले आहेत. जैनांमध्ये महावीरांचे लांछन सिंह. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त तर पैठणच्या राजवंशाचे नावच सिंहाशी जोडले आहे. दीपकर्णी राजाला रानात सिंहावर बसलेला एक मुलगा दिसतो. सिंह म्हणजे ‘सात’ नावाचा शापित यक्ष, आणि त्याच्यावर स्वार झालेला तो सातवाहन. व्युत्पत्ती म्हणून याला फारसा अर्थ नाही. पण सिंहावर सहज बसणारे पोर राजा होण्यास लायक, ही कल्पना कथाकाराला सुचली आणि ऐकणाऱ्यांना पटली, हे महत्त्वाचे.

नृसिंहाच्या कथेतही शेवटचा शब्द पोराचाच आहे. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात हिरण्यकशिपूशी झुंजणारा नृसिंह आपण पाहतो आणि तेवढाच लक्षात ठेवतो. भागवताच्या सातव्या स्कंधात कथा पुढे जाते. दैत्य मेल्यावरही देवाचा राग ओसरत नाही. ब्रह्मदेव, शिव, इंद्र लांबूनच स्तुती करतात, लक्ष्मीही जवळ जायला धजत नाही. जातो तो प्रल्हाद. वाकाटक काळातल्या, पाचव्या शतकातल्या रामटेकच्या केवल नृसिंहाच्या मूर्तीत तर दैत्यही नाही आणि फाडलेले पोटही नाही. चक्रावर हात ठेवून तो नुसता बसला आहे. आमच्या मते मराठी मुलखातल्या सिंहप्रतिमांत हा सर्वांत समंजस सिंह आहे. सत्ता पुरती हाती आली की डरकाळी फोडावी लागत नाही, हे त्या शिल्पकाराला ठाऊक असावे.

सिंहासनही पूर्वी निमूट बसू देत नसे. मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या ‘सिंहासन बत्तिशी’त विक्रमादित्याच्या आसनाच्या बत्तीस पुतळ्या भोजराजाला अडवतात. प्रत्येक पुतळी विक्रमाच्या औदार्याची एक गोष्ट सांगते आणि विचारते, तुझ्यात हे आहे का? अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ चित्रपट केला, तोवर पुतळ्या गप्प झाल्या होत्या आणि प्रश्न विचारायचे काम एका पत्रकाराकडे आले होते. आता चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फलकांवर गल्लीतला प्रत्येक पुढारी सिंह असतो, नाही तर वाघ. आयाळ छापखान्यात मिळते. पुतळ्यांचा प्रश्न त्या फलकावर कोणी छापत नाही.

वाळवंटाची वाट वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती आणि सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती. शाळेत बसलेल्या मुलाला मजनूचा सहरा उर्दू कवितेतून भेटत असे: घर सोडलेल्या, वेड्या झालेल्या प्रेमिकाचे निर्मनुष्य रान. (सिंहही त्याच वाटेने पुन्हा आला. हजरत अली हे ‘असदुल्ला’, अल्लाचा सिंह. आणि गालिब पूर्वी ‘असद’ या नावाने लिहीत.) इंग्रजी शिक्षणातून आणखी एक वाळवंट आले, ते ख्रिस्ती तपस्व्यांचे आणि मोहाशी झगडण्याचे. दोन्हीकडे वाळवंट म्हणजे माणसांपासून दूर जाण्याची जागा.

मराठी संतांचे वाळवंट याच्या नेमके उलट आहे. ते चंद्रभागेचे, आणि तिथे माणूस एकटा राहूच शकत नाही. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी कामाला गेली. नामदेवही याच भागातले, नरसीचे. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये वेगळा होईपर्यंत नरसी परभणी जिल्ह्यातच होती. देवळाच्या दाराशी जात आडवी आली, तेव्हा नदीची वाळू सर्वांना मोकळी होती, कारण तिला उंबरा नव्हता. त्या मोकळेपणाचीही हद्द होती; चोखोबांना गाभारा मिळाला नाही तो नाहीच. पण कीर्तनात मिळणारी जागा खरी होती. पैठणला एकनाथांनी भर उन्हात गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे पोर कडेवर घेतले, ही आख्यायिकाही त्याच भूगोलातली. मजनूचा सहरा माणसाला समाजातून सोडवतो. एकनाथांची वाळू पाय पोळवून त्याला समाजाकडेच वळवते.

असे वाळवंट घरचे असताना दुष्काळाच्या बातमीत आपण परका सहरा का आणतो? बहुधा तो सोपा पडतो म्हणून. वाळवंट म्हटले की दोष निसर्गाचा होतो आणि नियोजनाचा हिशेब टळतो. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परभणीची सरासरी साडेसातशेच्या वर आहे. जमीन काळी, कापसाची. जिल्ह्यात येलदरी धरण आहे, जायकवाडीचा डावा कालवा आहे, १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. पाऊस लहरी आहे, दोन पावसांतला खंड पीक मारतो, हे खरे. पण लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याचे कारण वाळवंटी हवामान नव्हते. साठ्याचे, उपशाचे आणि पिकांच्या निवडीचे गणित चुकले होते.

यावर कोणी म्हणेल की शास्त्रज्ञही ‘वाळवंटीकरण’ हाच शब्द वापरतात. वापरतात, पण वेगळ्या अर्थाने. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या करारात तो जमिनीचा कस घटण्यासाठी आहे. इस्रोच्या २०१६ च्या नकाशासंग्रहात महाराष्ट्राची सुमारे ४५ टक्के जमीन अशी ऱ्हास पावलेली दाखवली आहे, आणि इथले त्याचे मोठे कारण पाण्याने होणारी धूप. म्हणजे आपले वाळवंटीकरण पाऊस पडल्यामुळे होते, न पडल्यामुळे नव्हे! उघड्या, उताराच्या रानातून माती वाहून जाते आणि मुरूम वर येतो. त्यावरचे उपाय ठरलेले आहेत: बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, पिकांची फेरपालट. त्यांत थरारक काही नसल्याने ते मथळ्यात येत नाहीत.

खरे वाळवंट मात्र आपल्या डोळ्यांदेखत कमी होत आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा तालुक्यांतून जाणाऱ्या गोदावरीच्या पात्रातली वाळू बांधकामाला जाते, काही परवान्याने आणि बरीच रात्रीच्या हायवांतून. ही वाळू पाणी धरून ठेवते, काठच्या विहिरींना झिरप देते. उन्हाळ्यात तिच्यात झिरा खोदून पाणी काढता येते आणि टरबुजाच्या वाड्या फुलतात. वाळू गेली की उरतात ते खड्डे आणि चिखल. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपककुमार खटल्यात पाच हेक्टरखालच्या गौण खनिजपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. राज्याची वाळूधोरणे त्यानंतर अनेकदा बदलली. २०२३ मध्ये सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचा प्रयोग झाला, तोही टिकला नाही. वाळूघाट निश्चित करताना प्रत्येक धोरणात किती ब्रास काढायची हा आकडा असतो. पात्रात किती ठेवायची, हा आकडाही घाटनिहाय जाहीर झाला पाहिजे, आणि पावसाळ्यानंतर तो ग्रामसभेसमोर पुन्हा मोजला गेला पाहिजे. जनाबाईच्या गंगाखेडपासून जिल्हा प्रशासनाने याची सुरुवात करायला हरकत नाही.