छातीतल्या धुळीची लांबलचक नावे

इंग्रजी शब्दकोशांत जागा मिळालेला सर्वांत लांब शब्द 45 अक्षरांचा आहे आणि तो एका आजाराचे नाव आहे : न्युमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. 1935 साली न्यूयॉर्कमध्ये कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अधिवेशनात एव्हरेट स्मिथ यांनी तो पुढे आणला. सर्वांत लांब शब्द ठरावा एवढाच त्यामागचा हेतू होता. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून तो आपल्याकडे आला आणि आपली मुले तो एका दमात म्हणून दाखवतात. पण हा शब्द पाठ करण्यापेक्षा उसवून पाहण्यासारखा आहे. न्युमोनो म्हणजे फुप्फुस. अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकालाही न सापडण्याइतके बारीक. सिलिको म्हणजे गारगोटीतली सिलिका, व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, कोनि म्हणजे धूळ आणि शेवटचे ओसिस म्हणजे विकार.

ज्वालामुखी तेवढा वगळला, तर यातला प्रत्येक तुकडा नागपूर जिल्ह्यात रोज कुणाच्या तरी श्वासाबरोबर आत जातो. वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचे मुख्यालय नागपूर शहरात आहे. उमरेड, सावनेर, कामठी, सिल्लेवाडा या भागांत कोळसा निघतो. मॅंगनीज काढणाऱ्या मॉइलचे मुख्यालयही इथेच, आणि तिच्या मनसर, कांद्री, गुमगाव या खाणी जिल्ह्यातच. शहरातल्या गिट्टीखदान वस्तीचे तर नावच दगड फोडण्याच्या धंद्यावरून पडले आहे. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या इथल्या माणसांनी कापसाचे तंतू श्वासावाटे आत घेतले. म्हणून ‘ओसिस’वर संपणारे हे इंग्रजी शब्द आम्हाला परके वाटत नाहीत. ते आमच्या शहराच्या छातीचे शब्द आहेत.

एकेक घेऊन पाहू. न्युमोकोनिओसिस हे कुळाचे नाव : फुप्फुसात धूळ साचून होणारा विकार. धूळ कशाची, त्यावर पुढची नावे ठरतात. सिलिकोसिस गारेच्या धुळीचा. अँथ्रॅकोसिस कोळशाच्या धुळीचा, कारण ग्रीक भाषेत अँथ्रॅक्स म्हणजे कोळसा. अँथ्रासाइट या कोळशाच्या जातीचे नावही तिथूनच आले. दगड आणि कोळसा दोन्हींची धूळ एकत्र गेली की अँथ्रॅकोसिलिकोसिस. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी होतो तो अ‍ॅस्बेस्टोसिस. बिसिनोसिस कापसाच्या धुळीचा. बिसस हे तलम वस्त्राचे जुने ग्रीक नाव. या बिसिनोसिसची एक खूण सूतगिरणीत काम केलेल्याला सांगावी लागत नाही. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो आणि आठवडा सरकेल तसतसे थोडे हलके वाटते. सुरुवातीच्या काळात माणूस ही कुरकुर सुट्टीतल्या खाण्यापिण्यावर किंवा हवापालटावर ढकलतो.

अक्षरे सारखी दिसली म्हणून अर्थ सारखा असतोच असे नाही, हेही इथेच सांगायला हवे. डॉक्टर ज्याला डायग्नोसिस म्हणतात, त्या शब्दाच्या शेवटीही ओसिसच ऐकू येते, पण त्यातला ‘ओ’ विकाराचा नव्हे. तो ‘ग्नो’ या धातूचा आहे. ग्नो म्हणजे जाणणे, आणि आपला ‘ज्ञा’ हा धातू त्याचा सख्खा भाऊ. सुरवंटाचे फुलपाखरू होते ते मेटामॉर्फोसिस. तिथे ओसिस नुसत्या स्थित्यंतराचे आहे. शेवटची अक्षरे ओळखीची वाटली तरी आधीचा भाग पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये.

हा नियम कामगाराच्या बाबतीत मोडला जातो आणि त्याची किंमत मोठी असते. ट्यूबरक्युलोसिस म्हणजे टीबी. त्यातला ट्यूबरक्युल म्हणजे बारीकशी गाठ. सिलिकोसिसमध्येही फुप्फुसात बारीक गाठी दिसतात, खोकला असतो, वजन उतरते, धाप लागते. दोन्हींची क्ष-किरण छायाचित्रे पुष्कळदा एकमेकांसारखी असतात आणि खडी फोडणाऱ्या मजुराला टीबीच्या गोळ्या सुरू होतात. टीबीला जंतू कारणीभूत असतो आणि औषधाने तो बरा होतो. सिलिकोसिसमध्ये जंतू नसतोच. काही मायक्रॉनचा कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशात पोचतो, शरीराच्या सफाई पेशी त्याला गिळतात आणि स्वतःच मरतात, त्या जागी वण पडतो. असे वण वाढत जातात, आणि काम सोडल्यावरही वाढत राहू शकतात. ते पुसणारे औषध नाही. त्यातही भर म्हणजे सिलिकाने जखमी झालेल्या फुप्फुसाला टीबी लवकर धरतो. तेव्हा एकाच छातीत दोन्ही असू शकतात, आणि एक सापडला म्हणून दुसरा शोधायचे थांबणे घातक ठरते.

हा फरक कायद्यातही आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती. तीत सिलिकोसिस, अँथ्रॅकोसिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टोसिस, बिसिनोसिस होते, इतकेच नव्हे तर सिलिको-ट्यूबरक्युलोसिस असा जोडशब्दही होता. खाणकामगाराच्या कागदावर नुसते टीबी लिहिले गेले की आजार त्याच्या नशिबाचा होतो. त्याआधी सिलिको ही तीन अक्षरे लागली की तो कामाचा होतो. अशा शब्दावर भरपाई, हलके काम आणि विधवेचा दावा अवलंबून असतो. ज्याच्या छातीबद्दल तो लिहिला जातो, त्यालाच तो वाचता येत नाही.

खाणीत नोकरीवर असणाऱ्यांसाठी ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी असते. कामगार तिला पीएमई म्हणतात. त्यात छातीचे छायाचित्र काढतात आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ठरवलेल्या नमुना छायाचित्रांशी ते ताडून पाहतात. गोल ठिपके दीड मिलिमीटरपर्यंतचे असले तर पी, दीड ते तीनचे क्यू, तीन ते दहाचे आर. ठिपके वेडेवाकडे असले तर एस, टी, यू. किती दाट आहेत ते आकड्यांनी लिहायचे. एका माणसाची वीस वर्षांची मजुरी दोन अक्षरांत आणि दोन आकड्यांत मावते. ही पद्धत काटेकोर आहे, ती तशीच असावी. आमचा आग्रह एवढाच, की अहवाल कामगाराच्या हाती पडताना ती अक्षरे त्याच्या भाषेत उलगडलेली असावीत. ठेकेदाराकडे क्रशरवर राबणाऱ्याला तर पीएमई हा शब्दही बहुधा ऐकायला मिळत नाही. त्याची पहिली तपासणी धाप लागल्यावर सरकारी मेडिकल कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागातच होते.

परक्या भाषेतले लांब शब्द तुकड्या-तुकड्यांनी आपल्या भाषेत आणण्याचा देशातला एक सर्वांत मोठा उद्योग याच शहरात झाला आहे. डॉ. रघुवीर लाहोरहून नागपुरात आले, त्यांची इंटरनॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ इंडियन कल्चर इथे चालली आणि 1955 साली त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश नागपुरातूनच निघाला. संस्कृतचे धातू, वीस उपसर्ग आणि ऐंशी प्रत्यय यांच्या जुळणीतून लाखो शब्द घडवता येतात, हा त्यांचा सिद्धांत होता. ऑक्सिजनला जारक, कार्बनला प्रांगार, नायट्रोजनला भूयाति असे शब्द त्यांनी सुचवले. ते रुजले नाहीत, आणि त्या घडणीला ‘रघुवीरी’ म्हणून नाके मुरडली गेली. आमच्या मते त्यांची चूक पद्धतीत नव्हती. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द काढून त्या जागी नवा बसवण्याचा हट्ट चुकला. शब्दाचा प्रत्येक तुकडा बोलतो आणि तो सामान्य वाचकाला ऐकवता येतो, हे मात्र त्यांनी पुरते ओळखले होते. कर्बोदक हा शब्द याच वाटेने घडला आणि आज पाचवी-सहावीतली मुले तो सहज वापरतात.

सिलिकोसिसला नवा संस्कृत शब्द शोधत बसायची आता गरज नाही. डॉक्टर, न्यायालय आणि कामगार संघटना तिघेही तो शब्द वापरतात, तो राहू द्यावा. शाळेत विज्ञानाच्या तासाला ओसिस, आयटिस, एमिया हे शेवट फळ्यावर मांडून शिकवावेत. आयटिस म्हणजे दाह, एमिया म्हणजे रक्ताशी संबंध. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्ण असलेल्या घरांतली मुले त्या वर्गात बसलेली असतात.

आणि तपासणीच्या अहवालावर इंग्रजी नावाखाली मराठीत व हिंदीत दोन ओळी छापाव्यात, कारण आमच्या खाणींत आणि क्रशरवर छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेलेही पुष्कळ आहेत. उदाहरणार्थ : ‘गारेच्या धुळीने फुप्फुसाला पडलेले वण. हे भरून येत नाहीत. धुळीचे काम थांबवा. थुंकीची टीबीसाठी तपासणी करून घ्या.’ या अहवालाची प्रत आणि छातीचे छायाचित्र कामगाराच्या घरी राहिले पाहिजे. हा आजार बऱ्याचदा निवृत्तीनंतर डोके वर काढतो, आणि तोवर ठेकेदार बदललेला असतो, क्रशर बंद झालेला असतो.