ओल्या वर्षाची द्राक्षे

चांदवड तालुक्याची पावसाविषयी तक्रार जुनी आहे. पण ती तो येत नाही म्हणून. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे कोसळणारा पाऊस सातमाळ्याच्या डोंगरांपर्यंत येईतो पाच-सहाशेवर थकतो. टँकरची वाट पाहिलेल्या, शेततळ्यात प्लॅस्टिक अंथरून थेंब थेंब साठवलेल्या या तालुक्यात २०२५ साली मात्र माणसे आभाळाकडे पाहून ‘आता पुरे’ म्हणत होती. मे महिन्यातच पाऊस लागला, मोसमी वारेही लवकर आले आणि ऑक्टोबर सरत आला तरी ढग हलेनात. वडनेर भैरवसारख्या द्राक्षाच्या गावांत त्या दिवाळीला जो तो छाटलेल्या वेलीचे डोळे मोजत होता.

आपण जानेवारी-फेब्रुवारीत हातगाडीवरून अर्धा किलो द्राक्षे घेतो. त्या घडाचा जन्म आदल्या वर्षीच्या मे-जूनमध्ये झालेला असतो, हे घेणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते. एप्रिलमध्ये खरडछाटणी, तिच्यानंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा सूक्ष्म घड तयार होतो. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडीछाटणी. तिच्यानंतर तो घड बाहेर पडतो. डोळ्यात घड तयार होण्याच्या त्या चाळीस-साठ दिवसांत वेलीला लख्ख ऊन लागते. ते न मिळता सारखे ढगाळ, गार, ओले दिवस गेले, की काडी हिरवीगार, पानांनी भरलेली दिसते आणि आतले डोळे रिकामे राहतात. ऑक्टोबरात छाटणी केल्यावर घडाच्या जागी नुसती बाळी निघते. शेतकऱ्याच्या भाषेत घड ‘जिरतो’. किती नेमका शब्द आहे पाहा!

पुढे डाऊनी आणि भुरी या पाठच्या बहिणी. पान काही तास ओले राहिले तरी डाऊनीला पुरते. तिच्यावर मारायचे मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी म्हणजे बोर्डो मिश्रण. १८८५च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्डो भागात ते नावारूपाला आले. आपल्या बागाईतदाराच्या तोंडी बोर्डो हे नाव आले ते औषधाचे म्हणून. त्या गावची वाइन जगात प्रसिद्ध आहे, ही गोष्ट पुष्कळ नंतरची. आणि चिखलात ट्रॅक्टर रुतला, की तेही औषध डब्यातच राहते.

वाइनच्या द्राक्षांचे गणित थोडे वेगळे आहे. चांदवडच्या पट्ट्यात बहुतेक बागा खाण्याच्या द्राक्षांच्या. वाइनची लावणारे थोडे. (वाइन म्हटले की काही घरांत रविवारची पुरवणी घडी घालून ठेवली जाते, याची मला कल्पना आहे. २०२२ साली किराणा दुकानांतून वाइन विकण्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते! पण इथे प्रश्न पिण्याचा नाही, पिकवण्याचा आहे.) युरोपात वेल हिवाळाभर झोपते आणि उन्हाळ्यात फळते. तिथे उन्हाळा गार आणि ओला गेला, की साखर कमी भरते, आंबटपणा राहतो, लाल वाइन पातळ आणि फिकी होते. बोर्डोतले २०१३ हे असेच वर्ष. बाटलीवर साल छापलेले असते, जाणकार ते वाचूनच हात मागे घेतो किंवा पुढे करतो.

नाशिककडे ओल आणि गारवा एकत्र येत नाहीत. ओल मे ते ऑक्टोबर, गारवा नोव्हेंबर ते जानेवारी. यातला गारवा वाइनचा मित्र आहे. द्राक्षातले मॅलिक आम्ल उष्णतेने लवकर जळते आणि थंड रात्री टिकते. मणी सावकाश पिकतो, वास धरतो. ओल मात्र घडांची संख्या कमी करते. गंमत अशी, की वेलीवर घड थोडे असले आणि पुढे हिवाळा कोरडा, थंड गेला, तर उरलेल्या घडांतला रस अधिक कसदार होऊ शकतो. काढणीच्या तोंडावर पाऊस आला तर मात्र मणी तडकतात, कुजतात, साखर उतरते. अशा वेळी पांढऱ्या वाइनची द्राक्षे थोडी आधी, आंबटपणावर काढून निभावून नेता येते. फेसाळ वाइनला तर कमी साखरेचीच द्राक्षे लागतात. लाल वाइनला हा मार्ग नाही. तिचा रंग आणि तुरटपणा सालीत आणि बियांत असतो, आणि तो पिकल्याशिवाय येत नाही.

मोठ्या वाइनरीला ओले वर्ष झाकता येते. दिंडोरीची द्राक्षे, निफाडची द्राक्षे, आधीच्या वर्षाची टाकी, यांचा मेळ घालून चव सारखी राखता येते. दोन-तीन एकरवाल्याचे सगळे वर्ष एकाच शिवारातले. त्याच्या वाइनमध्ये तो पाऊस उतरणारच, आणि खरे तर त्याच्या मालाला वेगळेपण असते ते यामुळेच. परंतु त्याला पैसे मिळतात ते किलोवर. साखरेचा आकडा ठरल्यापेक्षा खाली गेला तर भाव कापला जातो; घड निम्मे आले आणि रस दुप्पट चांगला निघाला, तर ते निम्मेच मोजले जातात.

बँकेत मी शेतीकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षे काढली. पीककर्ज एकरावर ठरते. वर्ष ओले होते की कोरडे, हे लिहायला अर्जात रकाना नसतो. नुकसान मोजायचे तर ते डोळ्यांना दिसावे लागते. २६ नोव्हेंबर २०२३च्या गारपिटीत निफाड-चांदवडकडच्या बागा झोडपल्या गेल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, मंत्री बांधावर आले, पंचनामे झाले. मे महिन्यातल्या पावसाचे छायाचित्र काय काढणार? बाग तर हिरवीगार उभी असते. हवामानावर आधारित फळपीक विम्यातही द्राक्षाच्या अवेळी पावसाचा हिशोब सुरू होतो तो ऑक्टोबरच्या मध्यापासून. घड जिरतो मे-जूनमध्ये, कळतो ऑक्टोबरात. विम्याच्या लेखी तो पाऊस पडलेलाच नसतो.

डोळ्यात घड आहे की नाही, हे छाटणीआधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. द्राक्षपट्ट्यात अशी काडी तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि शहाणा बागाईतदार छाटणी त्यावरच ठरवतो. तीच तपासणी मंडळनिहाय करून पंचनाम्याइतकी ग्राह्य धरायला विमा कंपनीला आणि कृषी खात्याला काय अडचण आहे, हे मला अजून उमगलेले नाही. दरम्यान, वाइनरीकडून द्राक्षांचे पैसे पुष्कळदा हप्त्याहप्त्याने येतात, सोसायटीचे कर्ज मार्चअखेर नवे-जुने करायचे असते, आणि एप्रिल लागला की कात्री घेऊन पुन्हा खरडछाटणीला उभे राहायचे असते.