चाकांवरच्या घराची ओल

मोटारीमागे जोडून ओढत न्यायचा लहान ट्रेलर, ज्याला भारतात आणि युरोपात कारव्हॅन म्हणतात, थंडी आणि उन्हापासून कसा सुरक्षित करावा याचा विचार बहुतेक मालक फोमच्या जाडीपासून सुरू करतात आणि तिथेच संपवतात. हा विचार अपुरा आहे आणि अनेकदा नुकसानीचा ठरतो; कारण इतक्या लहान जागेत थंडीपेक्षा अधिक हानी माणसांच्या श्वासातून निघणारी वाफ करते, आणि तिला बाहेर जायला वाट न ठेवता भिंती जाड केल्या तर ती वाफ त्या भिंतींच्या पोटात, दृष्टीआड, पाणी होऊन साठते.

कॅनडातील बोलर या ट्रेलरचे उदाहरण येथे उपयोगी पडते. विनिपेग शहरात १९६८ साली रे ओलेको यांनी तो बाजारात आणला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी तयार केली होती, आणि साच्यातून काढलेली दोन अर्धी कवचे मधोमध जोडण्याची रीत त्यांनी तेरा फुटी ट्रेलरसाठी वापरली. सांधे मोजके असल्याने पाणी झिरपायला जागा कमी आणि भिंतींत लाकडी चौकट नसल्याने कुजण्याची भीतीही कमी, हे या रचनेचे मोठे गुण आहेत, आणि अर्धशतक उलटूनही हे ट्रेलर रस्त्यावर दिसतात याचे श्रेय त्या गुणांनाच द्यावे लागते. मात्र कवचाला आतून चिकटवलेले फोमचे अस्तर पातळ असते, खिडक्या एकेरी काचेच्या असतात, आणि ज्या प्रदेशात हा ट्रेलर जन्मला तेथे हिवाळ्यात पारा उणे ३० अंश सेल्सियसच्या खाली, तर उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर जातो.

उष्णतारोधक थर उष्णता पूर्णपणे अडवत नाही, तिचा प्रवाह मंद करतो, आणि तो किती मंद होतो याचे गणित फारसे अवघड नाही. बोलरच्या मापाच्या खोलीचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे २५ चौरस मीटर, आतले तापमान २० अंश आणि बाहेरचे उणे १० अंश धरले, तर उघड्या फायबरग्लासच्या कवचातून सुमारे ४,१०० वॅट उष्णता सतत बाहेर जाते; त्याच कवचाला आतून २५ मिलिमीटर जाडीचा थर्माकोल कुठेही खंड न पडू देता लावला, तर हा आकडा ८५० वॅटच्या आसपास येतो, आणि जाडी दुप्पट केली तर ४७० वॅटवर. म्हणजे पहिल्या इंचाने सव्वातीन हजार वॅट वाचतात आणि दुसऱ्या इंचाने चारशेसुद्धा नाहीत, शिवाय ज्या खोलीत दोन माणसे एकमेकांना वाट देत वावरतात तिथली दोन इंच रुंदी त्यापायी जाते. कारव्हॅनसाठी असलेल्या युरोपीय मानकात, ईएन १६४५ मध्ये, उष्णतारोधनाची जी सर्वांत वरची तिसरी श्रेणी आहे, तिला एक चौरस मीटर पृष्ठभागातून तापमानातील एका अंशाच्या फरकामागे सरासरी १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता जाता कामा नये अशी अट आहे. सलग लावलेला एक इंच फोम भिंतीला या मर्यादेच्या आत आणतो. त्यामुळे पहिल्या इंचानंतरचा पैसा आणि श्रम खिडक्यांवर व फटींवर खर्च करणे शहाणपणाचे आहे.

आता वाफेचा हिशेब. २० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरू शकते, तर शून्य अंशाची हवा जेमतेम पाच ग्रॅम. हवा थंड होत जाताना ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाण्याच्या रूपात सुटू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे आठ तासांच्या रात्रीत सुमारे पाऊण लिटर पाणी हवेत मिसळते, आणि दहा घनमीटरच्या खोलीतली हवा पूर्ण संपृक्त झाली तरी १७० ग्रॅमच्या पुढे वाफ धरू शकत नाही. उरलेले पाणी कुठे तरी जाणारच. २० अंश तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे नऊ अंश येतो. बाहेर शून्य अंश असताना उघड्या कवचाची आतली बाजू सहा अंशांच्या आसपास असते, म्हणून तिला घाम सुटतो, आणि बाहेर उणे १० झाले की एकेरी काचेवर आतून बर्फाचा पापुद्रा धरतो. धुराडे नसलेल्या गॅसच्या हीटरने हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण एक किलो प्रोपेन जळताना १.६ किलो पाणी तयार होते, आणि बंद खोलीत ज्वलन अपुरे राहिले तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो. अशा हीटरला झोपायच्या जागेत स्थान असता कामा नये.

या पाण्यावर उपाय छताच्या झडपेत आहे, आणि तीच झडप थंडीच्या भीतीने सर्वांत आधी बंद केली जाते. वर धरल्याप्रमाणे बाहेर उणे १० अंश असताना दोन माणसांची वाफ बाहेर काढायला तासाला सुमारे १४ घनमीटरच हवा बदलावी लागते, कारण थंड प्रदेशातील बाहेरची हवा आतल्या हवेच्या मानाने अतिशय कोरडी असते. आणि आत येणारी ती हवा तापवायला लागतात अवघे १४० ते १५० वॅट, जुन्या काळच्या शंभर वॅटच्या दिव्यापेक्षा थोडेसेच अधिक. एवढ्या बचतीसाठी झडप बंद ठेवून भिंती, गाद्या आणि फुप्फुसे भिजवणे हा फार महागाचा सौदा आहे.

भिंतीत ओल नेमकी कुठे धरते, हे उष्णतासेतूंवरून कळते. सलग रोधनाला छेदून आतून बाहेर जाणारा धातूचा तुकडा म्हणजे उष्णतासेतू; अॅल्युमिनियम लाकडापेक्षा हजारपटीहून अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेत असल्याने पत्र्याच्या ट्रेलरमधली अॅल्युमिनियमची चौकट फोमचा मोठा भाग निकामी करते, आणि बोलरमध्ये कपाटे धरून ठेवणाऱ्या रिव्हेटांच्या डोक्यांवर कडक थंडीत आतून हिमाचे ठिपके उमटतात. याहून फसवी जागा गादीखालची: गादी स्वतःच रोधक असल्यामुळे तिच्याखालची फळी थंड राहते, अंगाची वाफ गादीतून झिरपून त्या फळीवर पाणी होते, आणि बुरशी तिथे सर्वांत आधी दिसते. गादीखाली सलग फळीऐवजी अंतर राखून पट्ट्या बसवल्या आणि कपाटांच्या पाठीमागे हवा खेळती ठेवली, तर हे बरेचसे टळते.

बुडबुड्यांच्या प्लास्टिकवर चमकदार मुलामा दिलेली चादर उष्णतारोधनासाठी सर्रास विकली जाते. चमकदार पृष्ठभाग प्रारणाने येणारी उष्णता परतवतो, पण त्यासाठी त्याच्यासमोर मोकळ्या हवेची पोकळी असावी लागते. दोन्ही बाजूंनी चिकटवून भिंतीत दाबलेली चादर तिच्या काही मिलिमीटर जाडीइतकेच काम करते. खिडकीच्या मापाने कापून रात्री थंडीसाठी आणि दुपारी उन्हासाठी काचेला लावायला मात्र ती उत्तम आहे.

महाराष्ट्रात हा सगळा प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये कारव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि त्यानुसार फिरणाऱ्या गाड्यांना विनिपेगची थंडी सोसायची नसून चैत्र-वैशाखाचे ऊन आणि कोकणचा पाऊस सोसायचा आहे. भरदुपारी छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडते, आणि छताला पांढरा रंग दिल्याने त्यातले बहुतांश परत जाते. हा उपाय फोमच्या आधी करावा, कारण एकदा आत शिरलेली उष्णता रोधनामुळे रात्रीही लवकर बाहेर पडत नाही. पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे एसी लावून आत २३ अंश राखले की वाफ बाहेरून आत येऊ लागते आणि आतल्या थंड अस्तराच्या मागच्या बाजूवर पाणी होते. थंड देशांतल्या घरांच्या पद्धतीप्रमाणे आतल्या बाजूला प्लास्टिकचा बाष्परोधक पडदा लावला, तर हे पाणी त्या पडद्यामागे कायमचे अडकते. काचलोकर तर अशा भिंतीत मुळीच भरू नये. ती पाणी धरते आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी खाली बसते.

दोन्ही हवामानांत टिकणारी रीत एकच आहे: बाहेरचे सांधे आणि वायरींची भोके पक्की बुजवावीत, आणि ज्याच्या कोशिका बंद असतात व म्हणून ज्यातून वाफ जवळजवळ जात नाही असा, शक्यतो आग न धरणारा फोम कवचाला मध्ये हवा न ठेवता पूर्ण चिकटवावा. वक्राकार भिंतींना एसीचे कारागीर पाइपांवर गुंडाळतात ती नायट्राइल रबराची शीट चांगली बसते. कारव्हॅन बांधून घेणाऱ्यांनी कारागिराला फोमच्या जाडीबरोबर हेही विचारावे की सांधे कशाने बुजवले आहेत आणि छताची झडप पावसातही उघडी ठेवता येते का. आणि भाड्याने घेणाऱ्यांनी पहिल्या सकाळी गादी उचलून खालच्या फळीवर हात फिरवून पाहावा, आणि ती ओली लागली तर त्या रात्रीपासून झडप उघडी ठेवावी.